केबल साधी देऊ का चांगली? होम थिएटरच्या वायरींवर किती खर्च करायचा

टीव्ही ठरतो, रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर) ठरतो, स्पीकर ठरतात, घासाघीस होऊन शेवटचा आकडा ठरतो, आणि मग बिल करताना दुकानदार विचारतो, केबल कुठली देऊ, साधी का चांगली? आता दीड-दोन लाखाचा माल घेतल्यावर "साधी द्या" असं कुणाच्या तोंडून निघणार. मग तीन-चार हजाराची एचडीएमआय, मीटरला चारशे-पाचशेची स्पीकर वायर, असं करत करत आठ-दहा हजार वाढतात आणि ते कशासाठी वाढले हे घरी आल्यावर सांगता येत नाही. टीव्हीवर मोठा डिस्काउंट दिला की दुकानाला त्यात फारसं सुटत नाही, केबल, ब्रॅकेट असल्या वस्तूंवर मार्जिन बरंच असतं, त्यामुळे आग्रह होणारच. माझी तळमळ एवढीच आहे की बहुतेक लोक हा सेटअप बरेच महिने पैसे बाजूला टाकून घेतात, आणि त्यातले आठ-दहा हजार चुकीच्या जागी गेले तर सबवूफर एक नंबर लहान घ्यावा लागतो. तो फरक मात्र रोज ऐकू येतो.

आधी एक गोष्ट पक्की करू. होम थिएटरमध्ये केबल ही एकच वस्तू नाहीये. एचडीएमआयमधून आकडे जातात, स्पीकर वायरमधून चांगला दणदणीत करंट जातो, सबवूफरच्या आरसीए केबलमधून एकदम बारीक व्होल्टेजचा अॅनालॉग सिग्नल जातो, आणि डिशवरून खाली येणाऱ्या केबलमधून रेडिओसारखा हाय फ्रिक्वेन्सी सिग्नल येतो. प्रत्येक ठिकाणी बिघडण्याचं कारण वेगळं, त्यामुळे चांगली केबल म्हणजे काय याचं उत्तरपण वेगळं. दुकानात मात्र सगळ्यांना सरसकट एकच भाषा, ऑक्सिजन फ्री, गोल्ड प्लेटेड, ट्रिपल शिल्डेड, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एचडीएमआयपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती, हे सगळं शून्य आणि एकच्या रूपात या केबलमधून जातं, तेपण कॉम्प्रेस न करता, म्हणून एवढा मोठा डेटा होतो. फुल एचडी सेकंदाला ६० फ्रेम असेल तर साधारण ४.५ जीबीपीएस, ४के सिनेमा २४ फ्रेमचा असेल तर ८.९ च्या आसपास, आणि ४के ६० फ्रेम असेल तर १७.८. एक जीबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर कोटी बिट. टीव्हीला एवढंच ओळखायचं असतं की आत्ता आला तो शून्य होता का एक.

समजा फोनवर कुणी तुम्हाला मोबाईल नंबर सांगतंय आणि लाईनवर थोडी खरखर आहे. तुम्ही दहाच्या दहा आकडे बरोबर लिहून घेता. खरखर अजिबात नसती तरी तोच नंबर लिहिला असता, तो काही जास्त चांगला नंबर झाला नसता. खरखर खूप वाढली तर एखादा आकडा चुकतो, अजून वाढली तर काहीच कळत नाही. एचडीएमआयचं नेमकं असंच आहे, एका मर्यादेपर्यंत सगळं शंभर टक्के बरोबर आणि ती मर्यादा ओलांडली की एकदम कोसळतं.

आणि कोसळतं तेव्हा ते लपत नाही. स्क्रीनवर पांढरे चमचमणारे ठिपके येतात, मध्येच रेषा येतात, दोन-तीन सेकंद स्क्रीन काळा होतो, आवाज तुटतो, नाहीतर सरळ नो सिग्नल. पण "या केबलने रंग जास्त भरीव दिसतात, काळा जास्त काळा दिसतो" हे होऊ शकत नाही. कारण रंग भरीव करायचे तर हजारो-लाखो ठिपक्यांचे आकडे एका ठराविक दिशेने, ठराविक प्रमाणात बदलावे लागतील. त्यात सिनेमे, ओटीटी यांचा डेटा एचडीसीपी नावाच्या कुलपात बंद करून पाठवलेला असतो, कॉपी होऊ नये म्हणून. तांब्याच्या तारेला त्यातला कुठला बिट आकाशाचा आणि कुठला हिरोच्या शर्टाचा हे कळायचा काही मार्गच नाही. केबल चुका करू शकते, सुधारणा करू शकत नाही.

मग सगळ्या एचडीएमआय सारख्याच का? नाही, आणि "डिजिटल आहे, कुठलीपण घ्या" असं सांगणारेपण लोकांना अडचणीत टाकतात. केबलचे वर्ग ठरलेले आहेत. हाय स्पीड म्हणजे १०.२ जीबीपीएस, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८, आणि अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. विकत घेताना बघायचं ते हे नाव. "एचडीएमआय २.१ केबल" असं जे लिहिलेलं असतं तो केबलचा अधिकृत वर्गच नाहीये, १.४, २.०, २.१ हे आकडे टीव्ही, रिसीव्हर, गेम कन्सोल यांच्यासाठी असतात. अस्सल प्रीमियम किंवा अल्ट्रा केबलच्या बॉक्सवर क्यूआर कोडवालं सर्टिफिकेशनचं लेबल असतं, एचडीएमआयवाल्यांचं अधिकृत अॅप आहे, त्यात स्कॅन केलं की खरं-खोटं कळतं. ८के, ४८जी, अल्ट्रा प्रो मॅक्स असं नुसतं छापायला कुणाचीच परवानगी लागत नाही. लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तापकीर गल्ली असो नाहीतर ऑनलाइन, मी तरी लेबल स्कॅन केल्याशिवाय ४८ वाली केबल घेणार नाही. दोन मीटरची सर्टिफाइड अल्ट्रा केबल हजार-दोन हजारात मिळून जाते आणि तिच्यापुढे त्याच लांबीला पाच हजार देऊन जास्तीचं काहीच मिळत नाही, कारण पास झालेली केबल पास झालेली असते. २०२५ च्या जानेवारीत २.२ ची घोषणा झाली, त्याला ९६ जीबीपीएसची नवीन केबल आहे, पण आज घरात जी यंत्रं आहेत त्यांच्यासाठी तिची वाट बघत बसायचं कारण नाही.

आता एक मुद्दा, जो दुकानात कुणी सांगत नाही. तुम्ही नेटफ्लिक्स, प्राइम, हॉटस्टार बघता ते टीव्हीच्या आतल्या अॅपवर ना? मग चित्र टीव्हीतच तयार होतं आणि टीव्हीतच दिसतं, एचडीएमआय केबलमधून चित्र जातच नाही! त्या केबलमधून फक्त आवाज उलट दिशेने साउंडबारकडे जातो, एआरसी किंवा ईएआरसी पोर्टमधून. आणि आवाजाला लागतं किती, तर ओटीटीचा अॅटमॉस (डॉल्बीचा वरूनपण येणारा सराउंड आवाज) एक एमबीपीएसच्यापण, म्हणजे जीबीपीएसच्या हजाराव्या भागाच्यापण, आत असतो, आणि ईएआरसीची पूर्ण ताकद लावली तरी ३७ एमबीपीएसच्या आसपास. ४८ जीबीपीएसच्या हिशोबात हे नखाएवढंपण नाही. साउंडबार आणि टीव्ही एवढाच सेटअप असेल तर बॉक्समध्ये आलेली केबल लावा आणि विषय संपवा. पीएस५ घेतला असेल तर त्याच्या बॉक्समध्येपण अल्ट्रा हाय स्पीड केबल येते, ती फेकून देऊन वेगळी घेणारे लोक बघितले की वाईट वाटतं.

केबलवर संशय येतो तेव्हा आधी टीव्हीची सेटिंग बघा. बऱ्याच टीव्हींमध्ये एचडीएमआय पोर्टचा पूर्ण वेग सुरुवातीला बंद असतो, मेनूत कुठेतरी एन्हान्स्ड फॉरमॅट, अल्ट्रा एचडी डीप कलर, इनपुट सिग्नल प्लस असं कंपनीगणिक वेगळ्या नावाने दडलेला असतो. तो त्या त्या पोर्टसाठी चालू केल्याशिवाय ४के ६० एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) किंवा १२० फ्रेम येतच नाहीत, आणि माणूस केबल बदलत बसतो. दुसरं म्हणजे २.१ वाल्या यंत्रांमध्ये केबल कमी पडली तर दोन्ही बाजू आपापसात बोलून वेग खाली आणू शकतात, म्हणजे चित्र दिसेल पण जे मागितलं होतं ते नसेल, म्हणून टीव्हीवर इन्फो दाबून १२० हर्ट्झ खरंच आलंय का ते वाचायचं.

एचडीएमआयमध्ये पैसे खरंच लागतात ते लांबीला. एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या पृष्ठभागालगत अगदी पातळ थरातून वाहतो, एक-दोन हजारांश मिलिमीटरच्या, आणि प्रत्येक मीटरला सिग्नल झिजत जातो. दोन-तीन मीटरला अडचण नसते. ४८ वाली साधी तांब्याची केबल पाच मीटरच्या पलीकडे बाजारात फारशी दिसतच नाही, १८ वाली थोडी पुढे जाते. पण हॉलमध्ये प्रोजेक्टर छताला लावलाय आणि रिसीव्हर समोरच्या भिंतीला आहे, म्हणजे वायर भिंतीवरून, छतावरून फिरत बारा-पंधरा मीटर होणार, तिथे साधी स्वस्त केबल घेऊन चालणार नाही. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, आत काचेचे तंतू असतात, दोन्ही टोकांना छोटी चिप बसवलेली असते जी विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची परत वीज करते. ती काही हजारांना येते आणि ते पैसे वसूल असतात. या केबलला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, उलटी लावली तर चालत नाही.

आता स्पीकर वायर. इथे शून्य-एकचा प्रश्न नाही, सगळा खेळ रेझिस्टन्सचा, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचा, तो ओहममध्ये मोजतात. साधारण ८ ओहमचा स्पीकर आहे, अॅम्प्लिफायरपासून १० मीटरवर आहे. करंट जाऊन परत यायचा म्हणजे २० मीटर तार. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरला किलोमीटरला साधारण १३.३ ओहम, म्हणजे आपल्या २० मीटरला ०.२७ ओहम. त्याने आवाज कमी होतो तो ०.३ डेसिबलपेक्षा कमी, हे कानाला कळत नाही. अडीच स्क्वेअर एमएम घेतली तर ०.१६ ओहम, अजूनच सोपं. पण स्वस्त सेटबरोबर येते ती केसासारखी अर्धा स्क्वेअर एमएमची वायर दहा मीटर ओढली तर पाऊण ओहमच्या वर जातं, स्पीकरच्या जवळपास दहा टक्के, आणि मग पाऊण-एक डेसिबल तर जातोच, वर स्पीकरचा ओहम फ्रिक्वेन्सीगणिक बदलत असल्यामुळे आवाजाचा तोलपण किंचित हलतो. म्हणजे इथे केबलने खरंच फरक पडतो, पण तो जाडीचा फरक आहे.

मॅकिंटॉश या अमेरिकन ऑडिओ कंपनीत स्पीकर डिझाइन केलेले रॉजर रसेल यांनी एक सोपा नियम लोकांपुढे ठेवला होता, वायरचा एकूण रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. एवढं पाळलं की पुरे. आपल्या घरांमध्ये बहुतेक फ्रंट स्पीकर तीन-चार मीटरवर आणि मागचे सराउंड दहा-बारा मीटरवर असतात, समोर दीड आणि मागे अडीच स्क्वेअर एमएम टाकली की ८ ओहम, ६ ओहम सगळं बसतं. ४ ओहमचे स्पीकर लांब असतील तर चार स्क्वेअर एमएमला हात घाला. आणि हो, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी साधी मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर, लाल आणि काळी एकत्र पीळ देऊन, स्पीकरला एकदम व्यवस्थित चालते. तांब्याला आतून इन्व्हर्टरचा करंट वाहतोय का संतूर हे माहीत नसतं.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा, सीसीए. म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. पारदर्शक इन्सुलेशनमधून छान तांबूस दिसते आणि भाव निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे ऑनलाइन भरपूर विकली जाते. हिचा रेझिस्टन्स खऱ्या तांब्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असतो, म्हणजे दीड स्क्वेअर एमएमची घेतली तर काम एकच्याही खालचं करते, आणि वारंवार वाकवली की तार तुटते, कनेक्टरमध्ये कालांतराने सैल पडते. ओळखायची कशी, तर टोक कापून सुरीने एक तार खरवडा, आतून पांढरट निघाली तर अॅल्युमिनियम. वजनावरूनपण कळतं, रोल हाताला हलका लागतो. दुकानदाराला सरळ विचारा, पूर्ण कॉपर आहे का, बिलावर लिहून देता का. बिलावर लिहायला जो कां कू करतो त्याच्याकडून घेऊ नका.

ऑक्सिजन फ्री कॉपरचं म्हणाल तर तेपण फसवं नाही, पण फरक इतका छोटा आहे की त्यासाठी वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही. वायरचं साधं तांबंच ९९.९ टक्के शुद्ध असतं, ऑक्सिजन फ्रीने वहनक्षमता वाढते ती जेमतेम टक्काभर. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्के जास्त वाहक आहे, तेवढा फायदा वायर थोडी जाड घेऊनपण मिळतो. सोनं तर तांब्यापेक्षा कमी वाहक आहे. मग गोल्ड प्लेटिंग कशाला, तर गंजू नये म्हणून, आणि हे आपल्याकडे खरंच कामाचं आहे. मुंबईत समुद्राजवळ, कोकणात, गोव्यात खारी दमट हवा असते, स्पीकर वायरची उघडी टोकं वर्षा-दोन वर्षांत हिरवी-काळी पडतात आणि मग एखादा स्पीकर मध्येच खरखरतो, मध्येच बंद पडतो. तिथे गोल्ड प्लेटेड बनाना प्लग घट्ट बसवा, नाहीतर दर पावसाळ्यानंतर टोक कापून नवीन तांबं उघडं करून लावा. सोन्याचा थर इतका पातळ असतो की त्याने किंमत फार वाढायचं कारण नाही, स्वस्तातल्या प्लगवरपण तो मिळतो.

डावीकडची आणि उजवीकडची वायर एकाच लांबीची हवी असंपण खूप जण सांगतात, नाहीतर म्हणे आवाज मागेपुढे पोचतो. हिशोब करून बघू. तारेतून सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, दहा मीटरचा फरक असला तर ५० नॅनोसेकंद, आणि तेवढ्या वेळात हवेतला आवाज ०.०१७ मिलिमीटर सरकतो. तुम्ही सोफ्यावर श्वास घेताना यापेक्षा जास्त हलता. डावी तीन मीटर आणि उजवी दहा मीटर असू द्या, बिनधास्त. जास्तीची वायर गुंडाळून कपाटामागे कोंबून ठेवण्यापेक्षा बरं.

सबवूफरची केबल वेगळी पडते, कारण तिथे सिग्नल अॅनालॉग आणि अॅम्प्लिफाय व्हायच्या आधीचा असतो, मध्ये घुसलेली खरखर पुढे मोठी होऊन ऐकू येते. तिथे शिल्ड चांगलं असलेली केबल घ्या, डिशला वापरतात तसल्या को-अॅक्सवर आरसीए टोकं लावलेली असली तरी मस्त, पाच मीटरची सहाशे-सातशेत होते. पण सबवूफरमधून सतत "हूऽऽम" येत असेल तर ते बहुतेक वेळा केबलच्या दर्जामुळे नसतं. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि रिसीव्हर एका प्लगवर, सबवूफर दुसऱ्या खोलीच्या लाईनवर, सेटटॉप बॉक्सला बाहेरून आलेल्या केबलचं वेगळं अर्थिंग, असं झालं की अर्थिंगच्या दोन वाटा तयार होतात आणि त्यातून तो हूम फिरतो. आधी सेटटॉप बॉक्सची केबल काढून बघा हूम जातो का. मग सगळी यंत्रं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. अर्थिंगची पिन तोडून हूम घालवायचा उपाय काही जण सांगतात, तो कृपा करून करू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो. जुन्या इमारतींमध्ये अर्थिंग नावापुरतंच असतं, इलेक्ट्रिशियनला बोलावून ते एकदा तपासून घेणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला केबलखर्च आहे, खरं सांगतो, त्याने टीव्ही, फ्रीज, गीझर सगळ्यांचंच भलं होतं.

आणि ज्या केबलकडे कुणाचं लक्ष नसतं ती म्हणजे डिशवरून येणारी. तिच्यात सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, लांबी गच्चीवरून खाली वीस-तीस मीटर, उन्हापावसात उघडी. तिथे चांगली आरजी-६ केबल, नीट दाबलेला कनेक्टर, जोडाला पाणी जाऊ नये म्हणून रबर टेप, याने पावसाळ्यात चित्र चौकोन चौकोन होऊन फुटायचं प्रमाण खरंच कमी होतं. घरातल्या एचडीएमआयला चार हजार घालतात आणि गच्चीवर उघडा जोड टेप न लावता लोंबकळत असतो.

महागड्या पॉवर कॉर्डबद्दल थोडक्यात. महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरपासून तुमच्या प्लगपर्यंत वीज शेकडो मीटर साध्या वायरमधून, मीटरमधून, एमसीबीमधून आलेली असते, आणि यंत्रात शिरल्या शिरल्या तिचं एसीचं डीसी होतं. शेवटच्या दीड मीटरला वीस हजाराची कॉर्ड लावून त्यात काही सुधारत नाही. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टरला पैसे घाला. विजा चमकायला लागल्या की प्लग काढायचे, डिशची केबलपण.

"पण मला खरंच फरक ऐकू येतो" असं म्हणणारे खूप आहेत आणि ते खोटं बोलत नसतात. नवीन वस्तू लावली की माणूस कान देऊन ऐकतो, आणि कान दिले की आधी न ऐकलेली गोष्ट ऐकू येतेच, ती आधीपण होती. शिवाय काढघाल करताना आवाज अर्धा-एक डेसिबल जरी वर गेला तरी तो आपल्याला मोठा न वाटता जास्त चांगला वाटतो. म्हणून न बघता, आवाज सारखा ठेवून केलेली चाचणीच खरी. २००७ मध्ये अमेरिकेत जेम्स रँडी या भोंदू दावे उघडे पाडणाऱ्या जादूगाराने दहा लाख डॉलरचं आव्हान दिलं होतं, पेअर कंपनीची ७,२५० डॉलरची स्पीकर केबल, म्हणजे त्यावेळचे जवळजवळ तीन लाख रुपये, साध्या केबलपेक्षा वेगळी ऐकून ओळखून दाखवा. शेवटी केबल कंपनीने अंग काढून घेतलं आणि ते बक्षीस तसंच राहिलं. डेनॉनने तर दीड मीटरची नेटवर्क केबल ४९९ डॉलरला काढली होती, ज्यातून नुसते आकडे जातात.

घरी करायची असेल तर सोपं आहे. मुलाला किंवा बायकोला केबल बदलायला लावा, किंवा बदलल्यासारखं करायला लावा, तुम्ही पाठ करून बसा, एकच गाणं, एकच आवाज, दहा वेळा. दरवेळी कुठली होती ते कागदावर लिहा. नऊ किंवा दहा बरोबर आले तर त्यात काहीतरी आहे, नुसत्या नशिबाने नऊ किंवा दहा यायची शक्यता जेमतेम एक टक्का. सहा-सात बरोबर आले तर ते नाणं उडवूनपण येतात. ही चाचणी दुकानातून परत करायची मुदत संपायच्या आत करा.

आता वाचलेले पैसे कुठे घालायचे. आपल्या फ्लॅटचा हॉल किंवा बेडरूम साधारण १० बाय १२ फुटांची, खाली टाइल्स, भिंती सपाट, वर पीओपी. १२ फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा बास घुमतो, १० फुटांमध्ये ५६ च्या आसपास, त्यामुळे काही स्वर छातीवर येतात आणि काही गायब होतात. अशा खोलीत एका जागेवर आणि दोन फूट पुढे बासमध्ये दहा डेसिबलचा फरक सहज पडतो. वर आपण वायरचा ०.३ डेसिबल मोजला, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. सोफा मागच्या भिंतीला अगदी चिकटवू नका, जमेल तेवढा पुढे घ्या, सबवूफर कोपऱ्यातून थोडा सरकवून दोन-तीन जागी वाजवून बघा, समोर जाड सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तमच. सरकवायला एक रुपया लागत नाही. रिसीव्हरबरोबर मायक्रोफोन आला असेल तर कॅलिब्रेशन पूर्ण करा, घाईत अर्धवट सोडू नका. आणि एवढं करून हातात आठ-दहा हजार राहिले तर ते सेंटर स्पीकरला घाला, कारण सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार हीच असते की बोललेलं कळत नाही.

नवीन फ्लॅटचं इंटीरियर चालू असेल तर मात्र केबलचा विचार आजच करा, कारण भिंतीच्या आत गेलेली वायर परत काढणं म्हणजे टाइल्स, पीओपी, रंग सगळं फोडणं. तिथे हात आखडू नका, पूर्ण तांब्याची अडीच स्क्वेअर एमएम स्पीकर वायर टाका, मागे दोन असतील तरी चारच्या जागी न्या, पुढे अॅटमॉसचे छताचे स्पीकर लावायचे झाले तर त्याचीपण आत्ताच. ही वायर विजेच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप, आणि विजेच्या लाईनपासून फूटभर लांब, धोक्यासाठीपण आणि हूमसाठीपण. एचडीएमआयसाठी दीड इंची पाइप सांगा, कारण साध्या पाऊण इंची पाइपातून प्लगचं डोकं सरकतच नाही, काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचे बेंड हवेत, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायला लावा म्हणजे पाच-सात वर्षांनी नवी केबल आली की जुनी काढून तीच वाट वापरता येईल. ऑप्टिकल केबल टाकणार असाल तर सोर्सचं टोक रिसीव्हरकडे आणि डिस्प्लेचं प्रोजेक्टरकडे आहे ना हे ओढायच्या आधी बघा, कामगाराला हे माहीत असेलच असं धरून चालू नका. ओढून झाल्यावर, पीओपीवाला येण्याच्या आदल्या दिवशी, प्लेअर आणि टीव्ही आणून त्याच केबलवर ४के ६० एचडीआर अर्धा तास चालवा, आणि प्रत्येक स्पीकर वायरच्या टोकाला मल्टीमीटर लावून तुटलेली नाही ना ते तपासून त्यावर मार्करने नाव लिहा, फ्रंट लेफ्ट, सराउंड राइट, असं, दोन्ही टोकांना.